रिपोर्टात न येणारं दुखणं

किडनीच्या पेशंटचे नातेवाईक आकडे तोंडपाठ करून येतात. क्रिएटिनिन किती होतं, किती झालं, पोटॅशियम कधी वाढलं, हिमोग्लोबिन कुठे अडकलंय, सगळं फाइल न उघडता सांगतात. काळजीची खरी गोष्ट मात्र त्या फाइलीत नसते. पेशंट मशीनला लागला की बाहेरच्या बाकावर बसलेली बायको किंवा सून ती हलक्या आवाजात सांगते. "मॅडम, हल्ली ह्यांचं काही कळतच नाही. साध्या गोष्टीवरून चिडतात. सकाळच्या गोळ्या घेतल्या की नाही, ते दहा वेळा विचारतात. रात्रभर जागे आणि दिवसभर डुलक्या. पूर्वी असे नव्हते हो."

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं युनिट आहे. फिस्टुलात सुया टोचणं, वजन बघून किती पाणी काढायचं ते मशीनवर लावणं, चार तास प्रेशरवर लक्ष ठेवणं हे माझं काम. डॉक्टर राउंडला येतात, प्रत्येकाजवळ थोडा वेळ थांबतात. आम्ही मात्र आठवड्यातून दोन-तीनदा त्याच माणसाच्या उशाशी असतो, वर्षानुवर्षं. माणूस बदलायला लागला की घरच्यांच्या खालोखाल ते आम्हालाच कळतं. आणि इतक्या जणांना जवळून बघून माझं एक मत पक्कं झालंय. किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूत काय चाललंय, याची चौकशी आपण फार उशिरा करतो. तोवर तो हट्टी, तिरसट, विसरभोळा ठरून गेलेला असतो.

यातलं टोकाचं रूप आधी सांगते, कारण ते डोळ्यांना दिसतं. एक निवृत्त शिक्षक होते. डायबिटीस जुना, किडनी हळूहळू जात चाललेली, पण 'एकदा डायलिसिस लागलं की जन्मभर सुटत नाही' या धास्तीने टाळत आलेले. मधले काही महिने कुणीतरी दिलेल्या काढ्यावर काढले. आणलं तेव्हा गुरुजी खुर्चीत बसले होते, डोळे उघडे होते, पण प्रश्न विचारून पूर्ण होईपर्यंत त्यांचं लक्ष भलतीकडे गेलेलं असे. तोंडाला लघवीसारखा वास, दंडांवर खाजवल्याचे ओरखडे. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे धरून, बोटं पसरून, पंजे मनगटातून वर वळवायला सांगितले. थोडा वेळ हात तसेच राहिले. मग पंजे एकदम गळाले, सावरले, पुन्हा गळाले. ते कापरं नव्हतं. हात तोलून धरणाऱ्या स्नायूंना मेंदूकडून सतत जो हुकूम लागतो, तो मधूनमधून तुटत होता. मुलगा म्हणाला, "अशक्तपणा असेल." डॉक्टर मला म्हणाले, "आज दोनच तास. पंप हळू ठेवा."

घरच्यांना वाटतं, एवढी घाण साठली आहे तर पहिल्याच दिवशी सगळी काढून टाका. पण मेंदूला अशी घाई सोसत नाही. मशीन रक्तातला युरिया झपाट्याने खाली आणतं. मेंदूच्या पेशींतला युरिया मात्र रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यातून सावकाश बाहेर येतो. तेवढ्या वेळात मेंदूत विरघळलेले पदार्थ रक्तापेक्षा जास्त उरतात आणि त्यांच्या ओढीने पाणी आत शिरतं. मेंदू सुजतो. डोकं ठणकतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो, क्वचित झटके येतात. म्हणून पहिलं डायलिसिस लहान, दुसरं थोडं मोठं, असं चढत जायचं.

दोन-तीन डायलिसिस झाल्यावर गुरुजींनी मला माझं गाव विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेला समोरच्या भिंतीवरच्या फलकाकडे बोट करून म्हणाले, "सूचना दीर्घ 'सू'ने लिहितात, बाई." त्यांच्या मुलाने तोंड फिरवून डोळे पुसले. वडील परत आले हे त्याला क्रिएटिनिनने सांगितलं नव्हतं, त्या दीर्घ 'सू'ने सांगितलं.

कृत्रिम किडनीचा इतिहासही असाच सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळून हे यंत्र उभं केलं. १९४३ पासून त्यांनी एकामागून एक पेशंटवर प्रयत्न केले आणि जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत त्यांच्याकडे आली. कित्येक तास यंत्र चाललं आणि तिने डोळे उघडले, ती बोलली. त्यानंतर ती काही वर्षं जगली. डायलिसिसचं पहिलं यश जगाला दिसलं ते असं, शुद्धीवर आलेल्या मेंदूच्या रूपाने. आज आपण ते यश युरियाच्या टक्केवारीत मोजतो.

किडनी बंद पडल्यावर मेंदूत नेमकं काय बिघडतं, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण माणूस स्वस्थ बसलेला असतानाही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी २० टक्क्यांच्या आसपास तो एकटा वापरतो. तेव्हा कुणालाही वाटेल की या आजारात मेंदूची उपासमार होत असणार. प्रयोगशाळेत उलटंच दिसलं. किडनी निकामी केलेल्या उंदरांच्या मेंदूत एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे पेशीजवळची हाताशी असलेली ऊर्जा, कमी पडलेली नव्हती. ती वाढलेली होती आणि लॅक्टेट घटलेलं होतं. माणसांमध्ये मोजलं तेव्हा आजारी मेंदू ऑक्सिजन कमी घेत असल्याचं आढळलं. कोठीत धान्य भरलेलं आहे, चूलच मंदावली आहे.

हे मी नातेवाइकांना आवर्जून समजावून सांगते, कारण 'डोक्याला ताकद' म्हणून ते बदाम घेऊन येतात, टॉनिकच्या बाटल्या आणतात. किडनीच्या पेशंटला मूठभर बदाम म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरस. इथे ताकद कमी पडलेली नाही. चेतापेशींची बरीचशी ऊर्जा एकमेकींना निरोप पोचवण्यात खर्च होते आणि अडथळा त्या निरोपांत आहे. निरोपच कमी झाले की खर्च आपसूक घटतो.

अडथळा आणणारे पदार्थ पुष्कळ आहेत. युरियाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण सगळा दोष त्याच्या एकट्याचा नाही. ग्वानिडीन गटातले काही पदार्थ मेंदूला आवरून धरणाऱ्या गाबा या रसायनाच्या कामात आडवे येतात आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लूटामेटची काही दारं उघडतात. एकाच माणसात गुंगी आणि झटके दोन्ही कसे, या प्रश्नाचं थोडंसं उत्तर इथे मिळतं. दुसरा एक गट आतड्यात जन्माला येतो. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं इंडोल करतात, यकृत त्यापासून इंडॉक्सिल सल्फेट बनवतं आणि निरोगी किडनी ते लघवीवाटे टाकून देते. किडनी नसली की ते रक्तात साठतं, तेही अल्ब्युमिनला चिकटून. आमच्या डायलायझरच्या जाळीतून अल्ब्युमिन जात नाही, त्यामुळे हा पदार्थही बराचसा मागेच राहतो. युरिया छान उतरला, रिपोर्ट चांगला आला, तरी घरचे म्हणतात 'माणूस अजून पूर्वीसारखा नाही', तेव्हा मी त्यांचं म्हणणं उडवून लावत नाही. आमचे डॉक्टर प्रत्येक वेळी पोट साफ होतं का, हे विचारतात. पेशंटला तो प्रश्न फालतू वाटतो, पण बद्धकोष्ठ झालं की जिवाणूंना हे उद्योग करायला आणखी वेळ मिळतो.

गुरुजींसारखी गुंगी डायलिसिसने उतरते. त्याच्यापुढची वर्षं जास्त अवघड. अमेरिकेत मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत ५५ वर्षांवरच्या डायलिसिस पेशंटच्या बुद्धीची नीट चाचणी घेतली गेली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची बुद्धी सर्वसाधारण म्हणता येईल असे १३ टक्केही नव्हते, आणि ३७ टक्के लोकांमध्ये बिघाड गंभीर होता. पण केसपेपरवर अशा बिघाडाची नोंद असलेले होते ३ टक्क्यांहून कमी. हे वाचल्यावर मी आमच्या खाटांवरची माणसं एकेक करून डोळ्यांसमोर आणली.

त्यातल्या एका काकूंबद्दल सांगितल्याशिवाय हे नीट कळणार नाही. एसटी स्टँडजवळ त्यांची खानावळ होती. कोणता कंडक्टर किती वाजता जेवायला यायचा, कुणाला कांदा चालत नसे, सगळं आजही त्यांना लख्ख आठवतं. त्यामुळे 'काकूंची आठवण गेली' असं कुणी म्हणूच शकत नाही. पण सुनेची तक्रार वेगळी होती. "वाल भिजत घालतात, मोड आणतात, सोलायला घेतात आणि मधेच उठून नारळ खवायला बसतात. नारळ अर्धा झाला की तांदूळ निवडायला. बारा वाजले तरी एक पदार्थ तयार नाही. मी काही बोलले की भांडण." सुनेला वाटत होतं, सासूबाई मुद्दाम करतात. खानावळीवर दोनशे ताटं काढलेली बाई बिरडं करू शकत नाही, हे तिला खरं वाटेना.

आमच्या डॉक्टरांनी काकूंना एक कागद दिला. त्यावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली असतात. १ पासून क ला रेघ, क पासून २ ला, २ पासून ख ला, असं आळीपाळीने जोडत जायचं. काकू १, २, ३, ४ अशा सरळ आकड्यांनीच निघाल्या. आठवण करून दिली की 'हो हो' म्हणायच्या, एक अक्षर जोडायच्या आणि पुन्हा आकड्यांवर. शेवटी पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "मला कळतंय तुम्ही काय सांगताय ते. हात जात नाही."

किडनीच्या आजारात पुष्कळदा असंच होतं. जुन्या आठवणी टिकून राहतात. लक्ष लावून धरणं, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, आधी काय मग काय ते ठरवणं, या गोष्टी डळमळतात. त्याचं कारण फक्त साठलेलं विष नाही. किडनी आणि मेंदू या दोन्ही अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त मोठ्या जोराने, अखंड वाहतं. ब्लडप्रेशर आणि डायबिटीस ज्या हाताने किडनीच्या वाहिन्या खराब करतात, त्याच हाताने मेंदूच्या खोलवरच्या वाहिन्याही. मेंदूच्या पुढच्या भागाला बाकीच्या भागांशी जोडणारे तंतू तिथूनच जातात. हे समजल्यावर सून तिथेच रडली. आता ती स्वयंपाकघरात काकूंच्या बाजूला बसते आणि एका वेळी एकच काम सांगते. चव काकूंचीच.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते वेळेबद्दल. डायलिसिसचा पेशंट आमच्या ताब्यात चार तास असतो, म्हणून सगळ्यांना त्याला सगळं काही सांगायचं असतं ते तेव्हाच. आहारतज्ज्ञ येऊन पथ्य सांगतात, औषधं बदलल्याचं कळवतात, प्रत्यारोपणाच्या कागदांवर सही मागतात, महात्मा फुले योजनेच्या कागदपत्रांचं बोलतात. आणि नेमकी तीच वेळ मेंदूच्या दृष्टीने वाईट असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच पेशंटची डायलिसिसच्या आधी, चालू असताना, नंतर आणि दुसऱ्या दिवशी अशी चाचणी घेतली होती. सगळ्यात वाईट कामगिरी मशीन चालू असतानाची, बरी कामगिरी सुरू होण्याच्या थोडं आधीची किंवा दुसऱ्या दिवशीची. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी वयस्क पेशंटचे डायलिसिस चालू असतानाच मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी १० टक्क्यांनी घटलेला दिसला. खुर्चीवर मान डोलावणारा माणूस ऐकत असतो, पण साठवत नसतो. मग पुढच्या वेळी पोटॅशियम वाढलेलं दिसलं की त्याच्यावर ओरडायचं, 'एवढं सांगूनही नारळपाणी प्यायलात!' मला हे अन्यायाचं वाटतं.

आमच्या युनिटमध्ये आता महत्त्वाचं बोलणं सुई टोचण्याच्या आधी होतं, घरचं माणूस समोर बसवून. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर. सांगितलेलं पेशंटने आपल्या शब्दांत परत सांगायचं. मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद सोबत द्यायचा. सही तर मशीनवर असताना घ्यायचीच नाही. यासाठी नवं यंत्र लागलं नाही, पैसे लागले नाहीत. लोकांची सवय मोडायला मात्र वेळ लागला.

पाणी काढण्याचंही तेच. गणपतीनंतरच्या आठवड्यात माणसं चार-चार किलो वजन वाढवून येतात. मोदक, वड्यांबरोबरचं काळ्या वाटाण्याचं सांबार, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर घोट घोट चहा. तेवढं सगळं पाणी एका बैठकीत ओढलं की प्रेशर कोसळतं, आणि प्रेशर कोसळलं की मेंदूलाही तेवढा वेळ रक्त कमी पडतं. अशा वेळी जास्तीचा तास घालून, नाहीतर मधला एक दिवस वाढवून ते हळू काढावं, असा माझा आग्रह असतो. मशीनमधल्या द्रावाचं तापमान शरीरापेक्षा अर्धा अंश कमी ठेवलं तर प्रेशर सावरतं. पेशंटना थंडी वाजते, म्हणून खाटेखाली चादरींचा गठ्ठा तयार असतो.

कोकणात आणि गोव्यात परसदारी एक झाड असतं, कमरखाचं. पाच धारांचं आंबट-गोड फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते. मुलं मीठ लावून खातात, कुणी लोणचं घालतं. निरोगी माणसाला सहसा त्याचा काही त्रास होत नाही. किडनी गेलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. त्यातला कॅरॅम्बॉक्सिन नावाचा पदार्थ २०१३ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी वेगळा करून दाखवला. तो ग्लूटामेटसारखा वागून चेतापेशींना भडकवतो, आणि त्याला शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचं असतं. पहिली खूण म्हणजे न थांबणारी उचकी. आमच्याकडच्या एका रिक्षावाल्या दादांना अशीच संध्याकाळपासून उचकी लागली होती. रात्री ते बायकोला ओळखेनात. बायकोने फोनवर सहज सांगितलं की दुपारी शेजाऱ्यांनी आणून दिलेली कमरखं खाल्ली होती. डॉक्टरांनी मध्यरात्री मशीन सुरू करायला लावलं. ते वाचले. उचकीकडे दुर्लक्ष करून सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, ते बोलायला नको. तेव्हापासून नव्या पेशंटच्या पथ्याच्या कागदावर सगळ्यात वर कमरख असतं, केळी आणि नारळपाण्याच्याही वर.

औषधांचंही असंच. नागीण उठली म्हणून दिलेलं असायक्लोव्हिर, पायांची आग होते म्हणून दिलेलं गाबापेंटिन, उचकीसाठी दिलेलं बॅक्लोफेन, ही सगळी किडनीवाटे जाणारी औषधं. नेहमीच्या डोसात दिली तर डायलिसिसचा पेशंट दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागतो आणि घरचे त्याला मानसोपचाराला न्यायच्या गोष्टी करतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी 'मी डायलिसिसवर आहे' हे पहिलं वाक्य असलं पाहिजे, असं आम्ही पेशंटकडून म्हणवून घेतो.

पाण्याबद्दल थोडंच सांगते. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर द्राव लागतो, म्हणजे तेवढं पाणी पेशंटच्या रक्ताला जाळीपलीकडून भिडतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरच्या आल्फ्री यांनी डायलिसिसच्या पेशंटमधला एक भयंकर आजार उजेडात आणला. बोलणं अडखळायचं, अंगाला हिसके बसायचे, मग बुद्धी जायची आणि माणूस जायचा. कारण निघालं शरीरात साठलेलं ॲल्युमिनियम. ते पाण्यातून येत होतं आणि फॉस्फरससाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतूनही. आपल्याकडे पावसाळ्यात नळाचं गढूळ पाणी निवळायला जी तुरटी घालतात, ती ॲल्युमिनियमचीच. आमच्या आरओ प्लांटची तपासणी कधी चुकली की मी वाद घालते, आणि तो वाद घालणं मला माझ्या कामाचाच भाग वाटतो.

सगळं काही हातातून निसटत जातं असंही नाही. हिमोग्लोबिन फार खाली गेलेल्या पेशंटला एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं सुरू झाली की काही आठवड्यांत घरचे म्हणतात, 'पेपर वाचायला लागलेत.' प्रत्यारोपणानंतर तर कित्येकांचं लक्ष आणि विचारांचा वेग पुष्कळ सुधारतो. आयटीआयचा एक मुलगा डायलिसिसवर असताना नापास झाला होता. आईची किडनी मिळाल्यावर त्याने तोच विषय सोडवला. मुलगा 'ढ' आहे, हे मास्तरांनी आणि त्याने स्वतःही मान्य करून टाकलं होतं.

आता आम्ही दर सहा महिन्यांनी प्रत्येकाची ती आकडे-अक्षरांची चाचणी घेतो, सकाळी, सुईच्या आधी. काही घरांतून विरोध होतो. "वेडाची परीक्षा कशाला घेताय?" असं एका मुलाने मला तावातावाने विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, तुमच्या वडिलांचं पोटॅशियम आम्ही महिन्याला बघतो, तेव्हा त्यांना कुणी नावं ठेवत नाही. हेही तसंच बघायचं. गोळ्यांचा डबा कुणी भरायचा, बँकेचे व्यवहार कुणी बघायचे, त्यांना एकट्याने रस्ता ओलांडू द्यायचा की नाही, हे तुम्हाला आज ना उद्या ठरवावंच लागणार आहे. ते भांडणातून ठरवण्यापेक्षा या कागदावरून ठरवू. आणि ठरवताना त्यांनाही विचारू, अजून त्यांना सांगता येतंय तोवर.

तो बसला. वडिलांनी तोवर पेन्सिल उचलून सुरुवातसुद्धा केली होती.